दाराजवळची माणसे

कुरुंद्यात ग्यानोबांच्या हळदीच्या शेडमध्ये, उत्तरेकडच्या भिंतीवर एकोणीस माणसे लाल रंगात काढलेली होती. मार्चच्या अखेरीस त्यांतला सगळ्यांत डावीकडचा पुरुष पिवळा झाला. त्यानंतर त्याच्या शेजारचा पुरुष पिवळा झाला. भिंतीवर हे घडले तोपर्यंत खार्किव शहरात या दोघांचाही मृत्यू झालेला होता. एप्रिल लागल्यावर तिसरी, एक म्हातारी, पिवळी होऊ लागली आणि चौथीच्या डावीकडच्या खांद्यावर पिवळेपणा उतरला.

चौथी यारिना होती. ती जिवंत होती.

हे सर्व मला साक्षीने फोनवर सांगितले. साक्षी ही ग्यानोबांची मुलगी. वसमतच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते, तिथे ती माझी विद्यार्थिनी होती. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी ती खार्किवला गेली. युद्ध सुरू झाले तेव्हा ती तिथेच होती. एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्या इमारतीतल्या इतर लोकांबरोबर तिने बॉम्बहल्ल्यांचे दिवस काढले, मग गावी परतली, उरलेले शिक्षण जॉर्जियात पूर्ण केले, आणि आता कुरुंद्यात राहून इथल्या परवाना परीक्षेची तयारी करत होती. फोनवर तिचा आवाज नेहमीसारखा होता. फक्त शेवटी ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही भिंत बघायला या. मी घाबरले म्हणून आल्या असं घरी सांगू नका."

यारिना ही त्या तळघरातली तिची मैत्रीण. व्यवसायाने ती पुस्तकांची सजावट करणारी, पण युद्धात पुस्तके थांबली. हल्ल्यात फुटलेल्या खिडक्यांवर तिथे लाकडी फळ्या ठोकतात. यारिना त्या फळ्यांवर माणसे रंगवू लागली. पूर्वी त्या खिडकीत जी व्यक्ती उभी असायची तीच, खऱ्या मापाची: झाडांना पाणी घालणारी बाई, सिगारेट ओढणारा म्हातारा, काचेला नाक लावलेले मूल. रस्त्याने जाणाऱ्याला क्षणभर घर वसलेले वाटावे अशी. हल्ल्याचा भोंगा वाजला की ती तळघरात उतरे आणि तिथल्या काळोखात मोबाइलच्या पडद्यावर बोटाने चित्र काढत बसे. पडद्याचा उजेड तिच्या हनुवटीवर पडे आणि बाकी चेहरा नसल्यासारखा दिसे, असे साक्षी सांगत असे. तिला यारिना आठवते ती तशीच: काळोखात तरंगणारी एक हनुवटी आणि हलणारे एक बोट.

फळ्यांवरची चित्रे टिकत नसत. कधी फळी उडे, कधी भिंत. म्हणून गेल्या हिवाळ्यात यारिनाने तळघरातल्या सगळ्यांचे एक लांब चित्र मोबाइलवर काढले आणि देशोदेशी पांगलेल्या मित्रांना पाठवले. सोबत लिहिले होते की ज्याच्या गावात भिंती जागेवर आहेत त्याने हे चित्र तिथे काढावे. रंग विकत आणू नये. आपल्या मातीत जे मिळते त्यानेच काढावे. इकडे आम्ही विटांची पूड आणि काजळी वापरतो, असेही तिने लिहिले होते. कुणी कॉफीने काढले, कुणी कोळशाने. साक्षी हळदीच्या गावातली. तिने हळद घेतली.

ग्यानोबा लोकांची हळद शिजवून देतात. शेडच्या पश्चिमेकडच्या तोंडाशी मोठी कढई बसवलेली असते आणि हंगामभर तिच्याखाली तुराट्या-पऱ्हाट्या जळत असतात. हंगामाआधी भिंतीला चुन्याचा हात देण्याची त्यांच्या घरची पद्धत आहे. या वर्षी चित्रासाठी म्हणून साक्षीच्या आईने, भागूबाईंनी, चुना स्वतः विरवला आणि भिंतीला दोन हात दिले. साक्षीने गेरूत भिजवलेली दोरी ताणून, तिचे फटके मारून भिंतीवर चौकटी पाडल्या. मोबाइलमधले चित्र चौकटी-चौकटीने मोठे केले आणि डिंकाच्या पाण्यात कालवलेली हळद त्यावर भरली. ताज्या चुन्यावर पडताच हळद लाल झाली. यात कुणाला आश्चर्य वाटले नाही. हळदीला चुना लागला की कुंकू होते हे कुरुंद्यात लहान मुलालाही ठाऊक असते. लाल झाले ते लालच राहणार, हेही सगळे धरून चालले होते.

मी गेले त्या सकाळी कढई चढलेली होती. कुरुंद्याच्या अलीकडेच शिजत्या हळदीचा वास लागतो. मातीचा, ओलसर, थोडा औषधी. शेड दुरून दिसत नव्हती. तिच्या जागी एक पांढरट-पिवळा ढग जमिनीवर बसलेला होता आणि त्याच्या आतून माणसांचे आवाज येत होते. जवळ गेल्यावर आवाजांना आधी हात फुटले, मग चेहरे.

"या मॅडम," एक चेहरा म्हणाला. तो तातेरावांचा होता. त्यांची हळद त्या दिवशी शिजत होती. "तुमीबी भिंत पाहायला आल्या व्हय? आमची डॉक्टरीनबाई भिंतीवर माणसं काढून राहिली अन् भिंत त्यायला खाऊन राहिली."

"तातेराव, तुमची हळद कच्चीच उतरवू का?" ढगातून भागूबाई म्हणाल्या.

"अवं वैनी, मजाक केली."

"मजाक न्हाई ती," शिजलेली हळद पसरवणाऱ्या द्वारकाबाई म्हणाल्या. "ह्यो बाबा पोतं घेऊन येतानी भिंतीकडं पाठ करून चालतो. म्या पाह्यलं की."

"धूर जातो डोळ्यात."

"धूर म्होरून येतो, तातेराव. भिंतीतून न्हाई."

हसणे झाले. ग्यानोबा तेवढे हसले नाहीत. लांब दांड्याच्या लोखंडी आकड्याने ते जाळ सारखा करत होते. मला म्हणाले, "मॅडम, भिंतीत काय न्हाई, हे मला बराबर समजतं. पण पोरगी जेवत न्हाई. तेवढं काय करता येतं का पाहा."

द्वारकाबाईंना त्यावर राहवले नाही. "माझं म्हणनं येगळंच हाय. पिवळं झालं म्हंजी हळद लागली. तिकडं लगीन लागून राहिलं दोघायचं."

कुणी हसले नाही. त्या दोघांचे काय झाले ते एव्हाना सगळ्यांना कळलेले होते. द्वारकाबाई खाली बघून म्हणाल्या, "लेकराचं मन हलकं व्हावं म्हून म्हनलं."

साक्षी आत होती. शेडच्या दक्षिणेकडच्या उघड्या बाजूला वरपासून खालपर्यंत ताडपत्री बांधलेली होती. चित्रावर ऊन पडून ते विटू नये म्हणून भागूबाईंनी ती लावली होती. ताडपत्री निळी असल्यामुळे आतला उजेडही निळा होता. कढईची वाफ आणि धूर पश्चिमेच्या तोंडातून आत येत, भिंतीला धरून हळूहळू पूर्वेकडे सरकत. ते सरकताना भिंतीवरची माणसे गुडघ्यापर्यंत बुडत, मग कमरेपर्यंत, आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येत. त्यांचे श्वास चालू असावेत असा भास होत होता. भास होण्याचे कारण उघड होते. तरी वाफ पुन्हा उतरेपर्यंत मी पाहत राहिले.

"डावीकडून पहिला मकसिम," साक्षी म्हणाली. "रुग्णवाहिका चालवायचा. त्याच्या शेजारी पेत्रो, विजेच्या तारा जोडायचा. तिसऱ्या लुद्मिला आजी. आणि ही यारिना."

मकसिम पूर्ण पिवळा होता. पेत्रोच्या बुटांच्या टोकांवर थोडी लाली उरली होती. लुद्मिला आजींचा चेहरा पिवळा आणि हात नारिंगी. यारिना लाल होती. तिच्या हातात मोबाइल होता आणि डावीकडच्या खांद्यावर, शाल घसरावी तसा, पिवळा पट्टा. तिच्यापुढची पंधरा माणसे शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत, निळ्या काळोखात, लाल बसलेली होती.

"लुद्मिला आजी कशा आहेत?"

"माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही."

"यारिना?"

"परवा बोललो. तिला भिंतीचा फोटो हवाय. सगळ्या गावांतल्या भिंतींचे फोटो ती एकत्र लावतेय. आमचाच राहिलाय." तिने यारिनाच्या खांद्याकडे पाहिले. "मॅडम, हा रंग पुढं सरकणं थांबवता येईल का?"

"थांबवून काय होईल?"

"ते मला विचारू नका."

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. यारिनाला लिहिलेला, पण न पाठवलेला संदेश होता. शहर सोड, आजच सोड, असे त्यात होते आणि खाली भिंतीचा फोटो जोडलेला होता. साक्षी शरीरशास्त्र शिकलेली मुलगी होती. भिंतीला माणसाच्या मरणाची खबर लागू शकत नाही हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. पण दोन माणसे मेली होती आणि तीच दोन माणसे पिवळी झाली होती. ठाऊक असणे तिथे कमी पडत होते.

"हा पाठवलास आणि तिनं मानलं," मी म्हणाले, "तर ती एका भिंतीचं ऐकून निघेल, आणि यापुढे प्रत्येक भिंतीचं ऐकेल. नाही मानलं, तर तळघरात बसून आपल्या खांद्यावरच्या डागाचा विचार करत राहील. मला पुढच्या रविवारपर्यंत वेळ दे."

"आणि तोवर तिला काही झालं तर?"

साक्षीने मोबाइल खिशात ठेवला. संदेश पुसला नाही.

उन्हाने रंग उडाला असावा, ही माझी पहिली अटकळ होती. हळदीचा रंग उन्हात फार लवकर जातो. ही अटकळ तिथल्या तिथेच पडली. भिंतीवर ऊन येतच नव्हते, शिवाय उन्हाने रंग फिका होतो, लालाचा पिवळा होत नाही. दुसरी शक्यता अशी की कुणीतरी खोडी केली असावी. चुन्याने लाल झालेली हळद आंबट पदार्थाने पुन्हा पिवळी होते. लिंबू किंवा चिंचेचे पाणी पुरेसे आहे. ते मी मोठ्याने बोलून दाखवले आणि बाहेर त्यावर लगेच पंचायत बसली.

"चिचंचं पानी तातेरावच्याच घरी निघंल," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्याच्या दारात झाड हाय."

"आता ह्या वयात मी रातच्याला भिंतीला चिच चोळायला येऊ व्हय?"

"येतानी पाठ करून येशील, म्हंजी भिंतीला कळायचं न्हाई."

खोडीही नव्हती. पाणी शिंपडले असते तर ओघळ दिसले असते. इथे पिवळा भाग एखाद्या सावलीसारखा, वर थोडा पुढे, खाली थोडा मागे असा, डावीकडून उजवीकडे सरकलेला होता. माणसांच्या बाह्यरेषांशी त्याला काही देणेघेणे नव्हते. यारिनाच्या खांद्यावरचा पट्टा जिथे संपत होता, त्याच तिरक्या रेषेवर वरच्या चौकटीतला तळघराचा नळही रंग बदलत होता. माणसे पिवळी होत नव्हती, भिंत बदलत होती. एवढे मला त्या दिवशी कळले. साक्षीला मी तो नळ दाखवला. तिने पाहिले, मान हलवली, आणि पुन्हा खांद्याकडे पाहू लागली.

पुढच्या रविवारी मी महाविद्यालयातून फिनॉल्फ्थॅलीनची एक लहान बाटली नेली. हे पाण्यासारखे दिसणारे द्रावण आहे. ताज्या चुन्यावर पडले की ते गडद गुलाबी होते. चुना मुरून त्याचा दगड झाला असेल, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन त्याचा खडू बनला असेल, तर ते रंगहीनच राहते. शेड तशीच होती. ढग, निळा उजेड, सरकता धूर. यारिनाचा डावीकडचा हात आता कोपरापर्यंत पिवळा होता.

मी पूर्वेच्या टोकापासून सुरुवात केली. चित्रातल्या माणसांमधल्या पांढऱ्या जागेवर एक थेंब टेकवला. तो उमलल्यासारखा गुलाबी झाला. भागूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी "अगं बाई" म्हटले आणि बाहेरच्यांना बोलावले. मी एकेक थेंब टेकवत पश्चिमेकडे सरकत गेले आणि माझ्यामागे भिंतीवर गुलाबी ठिपक्यांची एक ओळ तयार होत गेली. धुराच्या लाटेत ती ओळ दिसे, मावळे, पुन्हा दिसे. दहाव्या माणसाजवळ, आठव्याजवळ, सहाव्याजवळ गुलाबी. पाचव्याजवळ थेंब फिका उमटला. यारिनाच्या उजव्या बाजूला अगदी हलका. तिच्या डाव्या बाजूला थेंब पाणीच राहिला. लुद्मिला, पेत्रो, मकसिम. पाणीच.

"म्हंजी?" ग्यानोबांनी विचारले.

"म्हणजे या टोकाचा चुना मेला आणि त्या टोकाचा जिवंत आहे," मी म्हणाले, आणि शब्द चुकीचे निवडले हे साक्षीचा चेहरा पाहून कळले. मी दुरुस्ती केली. "या टोकाचा चुना मुरला. त्याची धग गेली. हळद धगीत लाल असते, धग गेली की पिवळी. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, पाण्याने खळबळला की पुन्हा पिवळा. तेच."

"पन चुना मुरायला वरीस लागतं," ग्यानोबा म्हणाले. "दरसालचा हाये ना माझा हात. हितं दोन महिन्यांत काहून मुरला?"

प्रश्न रास्त होता. आम्ही दोघांनीही एकाच वेळी कढईकडे पाहिले. चुना मुरायला दोन गोष्टी लागतात: कार्बन डायऑक्साइड आणि ओल. जाळाच्या धुरात पहिली असते, हळदीच्या वाफेत दुसरी. एरवी दोन्ही दक्षिणेच्या उघड्या बाजूने निघून जात. या वर्षी ती बाजू बंद होती.

भागूबाईंनी ताडपत्रीला हात लावला. "म्या तर चित्र जपायला लावली ही."

"चित्र जपलंच की," द्वारकाबाई म्हणाल्या. "उन्हापसून."

मी चुन्याची निवळी मागितली. भागूबाईंनी एका वाटीत आणून दिली. फडके बुडवून मी मकसिमच्या खांद्यावर टेकवले. तो बघता बघता लाल झाला. फडके खाली सरकले तशी लाली छातीवर उतरली, हातांवर, गुडघ्यांवर. तातेराव नकळत दोन पावले पुढे आले होते, या वेळी तोंड भिंतीकडे करून. वाफेच्या मागे तो तरुण रुग्णवाहिकाचालक आता यारिनापेक्षाही लाल, ताजा, नुकताच येऊन बसल्यासारखा दिसत होता.

मग साक्षी म्हणाली, "आता त्याला उठायला सांगा, मॅडम."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी फडके वाटीत ठेवले.

बाकीचे बाहेर गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "रंगाचं कळलं. पटलं. पण एकोणीस जणांत दोघंच मेले, आणि तेच दोघं या टोकाला कसे?"

योगायोग, असे उत्तर देता आले असते. एकोणिसांतले कोणतेही दोघे डावीकडून पहिले दोघे असण्याची शक्यता फार कमी असली तरी शून्य नाही, आणि कमी शक्यतेच्या गोष्टी रोज कुठे ना कुठे घडतात. पण योगायोग हे उत्तर शेवटी द्यायचे असते, आधी नाही. मी तिला मूळ चित्र दाखवायला सांगितले.

मोबाइलच्या लहानशा पडद्यावर ती एकोणीस माणसे एका तळघरात बसलेली होती. यारिनाच्या बोटाच्या रेषा थरथरत्या होत्या, काही ठिकाणी तुटलेल्या. भोंगा वाजत असताना काढलेल्या. भिंतीवर साक्षीने त्या थरथरीही तशाच ठेवल्या होत्या. चित्राच्या डाव्या कडेला मात्र एक गोष्ट होती जी भिंतीवर नव्हती. एक उभी, अरुंद, पिवळसर पट्टी.

"हे काय आहे?"

"दार," साक्षी म्हणाली. "जिन्याचं. ते किंचित उघडं ठेवायचे, बाहेर अडकून पडू नये म्हणून. फटीतून उजेड यायचा."

"तू ते काढलं नाहीस."

"काढायची गरज नव्हती. शेडचं तोंड त्याच बाजूला आहे. संध्याकाळचा खरा उजेडच तिथून येतो. म्हणून तर चित्र असं लावलं." ती मोबाइलवरून नजर काढून भिंतीकडे पाहू लागली.

"दाराजवळ कोण बसतं, साक्षी?"

उत्तर तिला इतके ठाऊक होते की आजवर शब्दांत मांडावे लागले नव्हते. आत, भिंतीच्या कडेला म्हातारी माणसे, आजारी, लेकुरवाळ्या. तिथे ऊब असे. दाराजवळ गारठा असे, आणि ज्यांना हल्ला थांबण्याआधी निघावे लागे ते तिथे बसत. मकसिमला जखमी आणायचे असत. पेत्रोला तुटलेल्या तारा जोडायच्या असत; दोघेही असे बाहेर असतानाच मेले. लुद्मिला आजी पाव आणायला जात. यारिना फुटलेल्या खिडक्या शोधायला जाई.

साक्षीने तिथेच बसून यारिनाला एक साधा प्रश्न पाठवला: लुद्मिला आजी कशा आहेत? उत्तर लगेच आले. हिवाळा संपायच्या आतच मुलीकडे गेल्या. पश्चिमेकडच्या ल्विव शहरात. पाव तिथेही चांगला मिळत नाही अशी तक्रार करतात.

भिंतीवरच्या लुद्मिला आजी एव्हाना पायांपर्यंत पिवळ्या झालेल्या होत्या.

साक्षीने तो जुना संदेश पुसला आणि यारिनाला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी एक जिना आला, मग राखाडी उजेड, मग एक मुलगी. रंगांनी माखलेला कोट, विस्कटलेले केस. चित्रातल्यापेक्षा ती वयाने मोठी दिसत होती. दोघी इंग्रजीत आणि त्यांच्या तिकडच्या भाषेत मिसळून बोलत होत्या. मला समजले तेवढे, आणि जे समजले नाही ते नंतर साक्षीने सांगितलेले, असे आहे.

साक्षीने मोबाइल भिंतीकडे वळवला आणि सावकाश चालत गेली. वाफेची एक लाट मध्ये आली. पलीकडून यारिना म्हणाली, "थांब, थांब. आम्ही ढगात बसलोय?"

"हळद शिजतेय."

"मी अर्धी पिवळी आहे."

"व्हय," साक्षी मराठीतच म्हणाली, मग सावरून तिने सगळे सांगितले. आधी चुन्याचे आणि धुराचे. यारिना हसली. पिवळा आपल्याला शोभतो, म्हणाली. मग साक्षीने आपण काय समजून बसलो होतो ते सांगितले. यारिनाचे हसणे थांबले. मग साक्षीने दाराचे सांगितले. हे सांगताना तिने मोबाइल भिंतीवरून हटवून स्वतःकडे वळवला.

पलीकडचा मोबाइल खाली झुकला आणि पडद्यावर नुसता जिना उरला.

"हे मीच काढलं," यारिना शेवटी म्हणाली. "फटीतला उजेड, आणि त्याच्या जवळ रोज तीच चार माणसं. आणि मला वाटायचं की मी फक्त चेहरे काढतेय."

"तू शहर सोड."

"नाही."

"यारिना."

"नाही, साक्षी. पण दाराजवळची जागा अशी कुणा-कुणाची ठरलेली राहू नये. आज सगळ्यांशी बोलते. पाळ्या लावू. तारांना, पावाला, सगळ्याला. मध्ये बसणारे दोन धडधाकट पुरुष आहेत, तू ओळखतेस त्यांना. त्यांना कुणी कधी विचारलंच नाही." तिने केस मागे सारले. "आणि मी एकटी खिडक्या शोधत फिरणार नाही. एवढं कबूल."

याने धोका कमी होत नाही, तो वाटला जातो. मी हे साक्षीला नंतर म्हणाले. तिने डोळे पुसून उत्तर दिले, "मला ठाऊक आहे मॅडम. आधी तो वाटलेला नव्हता, एवढंच मला कळलंय." भागूबाईंनी तिला ताटावर बसवले तेव्हा ती जेवली. ग्यानोबा जाळापाशी उभे राहून लांबून पाहत होते.

निघताना भागूबाई ताडपत्री सोडायला लागल्या. साक्षीने त्यांना थांबवले.

"राहू दे आई. हंगाम संपेपर्यंत सगळ्यांना पिवळं होऊ दे. मकसिमलासुद्धा पुन्हा. नाहीतर लोक मोजत बसतील."

"आन् त्या पोरीला फोटो?"

"सगळे पिवळे झाले की पाठवीन. पिवळा शोभतो म्हणालीय ती."

तेव्हा कारण असे. ग्यानोबांच्या शेडमधली भिंत ताज्या चुन्याची होती, म्हणून हळद लाल झाली. ताडपत्रीमुळे कढईचा धूर आणि वाफ भिंतीलगत कोंडली गेली, पश्चिमेच्या टोकाचा चुना आधी मुरला, आणि त्या टोकाची माणसे आधी पिवळी झाली. त्या टोकाला मकसिम आणि पेत्रो होते, कारण तळघरात ते दाराजवळ बसत. दाराजवळ बसत, कारण त्यांना हल्ला चालू असताना बाहेर जावे लागे, आणि बाहेर गेल्यामुळेच ते मेले. भिंतीला त्यांच्याविषयी काहीही ठाऊक नव्हते. तळघराचे दार आणि हळदीची कढई एकाच बाजूला आली, याचे कारण एवढेच की साक्षीने चित्रातल्या दाराच्या जागी शेडचे तोंड धरले होते, आणि कढई तिथेच होती.